पलीकडच्या तिघी

चार वाजले की सुहासिनीबाईंना घरी जायचं असे. कपाटातला जाड कोट अंगात घालायचा, पर्स काखेत मारायची, पायांत हाताला येतील ते दोन बूट सरकवायचे आणि पुढच्या दाराशी जाऊन उभं राहायचं. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातलं हे घर त्यांचंच होतं. बेचाळीस वर्षांपासून त्या इथे राहत होत्या आणि फडताळातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. पण चारच्या ठोक्याला ते परकं होऊन जाई आणि त्या म्हणत, "निघते मी आता. बोट येईल."

आता पार्सिपनीत बोट कुठून यायची? इथे आली तर रूट शेहेचाळीसच्या हमरस्त्यावर बस येते, आणि तीही आली तर आली. पण हे सुहासिनीबाईंना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचे यजमान डॉक्टर गुरुनाथ हिंगवे हे पाणी दीड वर्षापासून रोज ओतत होते. अठ्ठ्याहत्तरीचे डॉक्टर, दोन्ही गुडघे बदललेले, एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्यातला राहून गेलेला, कारण ऑपरेशनच्या दिवशी बायकोपाशी बसणार कोण? पुढच्या दाराला त्यांनी देवघरातली घंटा बांधून ठेवली होती. ती वाजली की हातातलं असेल ते टाकून धावायचं, बाईंना गोडीगुलाबीनं मागे फिरवायचं, कोट काढायचा, की पाच मिनिटांत पुन्हा घंटा. देवाच्या घंटेचा त्यांनी इतका धसका घेतला होता की सकाळची पूजासुद्धा ते मुकाट्यानं, हातानं नमस्कार करून उरकत.

सप्टेंबरात एकदा ते खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. दहा मिनिटं, फार तर बारा. घंटा वाजली असणारच, पण दमलेल्या माणसाच्या कानाला काय ऐकू येतं? पोलिसांच्या गाडीतून सुहासिनीबाई परत आल्या तेव्हा घामानं निथळत होत्या. उन्हात जाड कोट घालून बसथांब्यावर उभ्या होत्या म्हणे. पोलीस भला होता, पण बाईंच्या मनगटावरच्या पट्टीवर लेकीचा नंबर होता, तो त्यानं फिरवला, आणि तिथेच सगळं बिघडलं.

लेक म्हणजे रेणू. टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहते, तेलाच्या कंपनीत इंजिनियर आहे. चिडली की तिचं मराठी आटोपशीर होतं. "बाबा, तू नर्स नाहीयेस," ती म्हणाली. "माझ्या घरापासून टेन मिनिट्सवर एक चांगली जागा आहे, मेमरी केअर, आईसारखे पेशंट्स तिथे ठेवून सांभाळतात. दिवाळीच्या आधीच्या फ्रायडेला मी येतेय. तेव्हा आई पुन्हा दाराकडे गेलेली दिसली ना, तर मी दोघांना घेऊन जाणार. नो डिस्कशन."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि मनाशी म्हटलं, बघतोच. बायकोला परक्यांच्या हाती द्यायची म्हणजे आपण हरलो. गंमत अशी की याच गृहस्थांनी आपल्या दवाखान्यात शेकडो नवऱ्यांना आणि शेकडो बायकांना समजावलं होतं की काळजी घेणाऱ्यानंही विश्रांती घ्यायला हवी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शेजारची नीलांबरी एकदा म्हणाली, काका, तुम्ही फार दमलेले दिसता. त्यावर हे दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.

आणि दुखणं एवढंच नव्हतं. उन्हाळ्यापासून सुहासिनीबाई त्यांना 'काका' म्हणू लागल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना लग्नाचा फोटो काढून दाखवला, तर बराच वेळ निरखून त्या म्हणाल्या, "जोडा छान आहे हो." मग अदबीनं फोटो परत दिला. त्यांच्या लेखी त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आणि तेवीस वर्षांच्या मुलीनं पांढऱ्या मिशांच्या माणसाला दुसरं काय म्हणायचं? डॉक्टरांना हे कळत होतं. कळून उपयोग नव्हता. ती हाक कानावर पडली की त्यांना जेवण जात नसे.

तेवीस वर्षांच्या असताना त्या राहत होत्या ते घर म्हणजे चारच्या ठोक्याचं घर. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरला मदतनीस हवा होता, आणि नागपूरहून नुकत्याच आलेल्या गुरुनाथला कुणी दुसरीकडे उभं करत नव्हतं, म्हणून दोघं तिथे गेले. घर धक्क्याच्या वर, टेकाडावर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली अरुंद खाडी दिसायची, खाडीपलीकडे जुरा नावाचं दुसरं बेट, आणि त्या बेटावर तीन डोंगर. उंची म्हणाल तर कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. पण ते सरळ समुद्रातून वर आलेले होते, गोल, करड्या दगडांचे, अंगावर झाड म्हणून नाही. दुसरं काही दिसायचंच नाही. भांडी घासताना तेच, भात उपसताना तेच, आणि डोळे मिटले तरी तेच.

इंग्रजीत त्या गोल डोंगरांना बाईच्या छातीवरून जे नाव पडलंय त्याचा अर्थ कळला तेव्हा सुहासिनी लाजून लाल झाली होती. असलं नाव घ्यायचं नाही म्हणून तिनं आपली नावं ठेवली. सगळ्यांत उंच ती सासूबाई. पुढे येऊन मिरवते ती जाऊबाई. मागून डोकावून अंदाज घेते ती वन्सं. नागपूरला ठेवून आलेलं सगळं सासर खिडकीत उभं! ढग उतरून उंच डोंगराचा माथा झाकला गेला की ती म्हणायची, सासूबाईंनी पदर घेतला, आता पाऊस.

मंगळवारी आणि शुक्रवारी गुरुनाथ लहानशा बोटीतून जुराला जायचा. तिथे माणसं दोनशे आणि हरणं हजारांनी, त्यातल्या माणसांना तपासायचं. चारच्या बोटीनं परत. धक्क्यावर उतरताना कातडी बॅग डोक्याच्या वर धरायचा, म्हणजे खिडकीतून तिला दिसावं. दीड वर्ष तिथे काढून दोघं अमेरिकेला आले, आणि मग ते डोंगर डॉक्टरांच्या बोलण्यात असे काही वाढले की विचारू नका. मराठी मंडळाचं कुठलंही स्नेहभोजन असो, जेवणं झाली की हे सुरू. सुहासिनी तर खिडकीशी तासन्‌तास देखावा बघत उभी असायची, काय दिवस होते ते! आणि सुहासिनीबाई आमटी वाढता वाढता म्हणायच्या, "हो, दुरून डोंगर साजरे." सगळे हसायचे. सर्वांत मोठ्यानं डॉक्टर.

तर आता तेच डोंगर कामी येतील असं त्यांना वाटलं. जुन्या अल्बममधला फोटो त्यांनी भिंतभर मोठा करून आणला आणि दारासमोर लावला. सुहासिनीबाईंनी पाहिला, म्हणाल्या कॅलेंडर चांगलं आहे, आणि कोट घातला.

उपाय सापडला तो शेजारच्या मातीत. नीलांबरीच्या मुलांना, वेद आणि अनयाला, मंडळाच्या स्पर्धेसाठी दिवाळीचा किल्ला करायचा होता. त्यांच्या अंगणात माती येऊन पडली होती. चारच्या सुमाराला डॉक्टर बाईंना कोटासकट एक चक्कर मारून आणत, तेवढंच दार सुटायचं. त्या दिवशी सुहासिनीबाई मातीच्या ढिगापुढे थांबल्या. अजून किल्ला नव्हता, नुसता ढीग होता. पर्स खाली ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "आज स्वच्छ आहे." आणि आपण होऊन घराकडे वळल्या. संध्याकाळभर घंटा वाजली नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी ट्रकभर माती मागवली. ड्राइव्हवेवर पडलेला तो ढिगारा एकचाकी गाडीतून मागच्या अंगणात न्यायचा, हे काम अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं नव्हे. शनिवारी नीलांबरी आणि तिचा नवरा शंतनू येऊन लागले म्हणून निभावलं. पलीकडच्या गोऱ्या शेजाऱ्यानं कुंपणावरून विचारलं, हे काय चाललंय? उंच ढिगावर थापी मारता मारता डॉक्टर सवयीनं म्हणाले, ही माझी आई. शेजारी चपापला, टोपी काढून उभा राहिला आणि संध्याकाळी केळ्याचा केक घेऊन आला. डॉक्टरांनी खुलासा केला नाही. एवढी ताकद कुणात होती?

पहिल्या खेपेला फसगत झाली. लहानपणी नागपूरच्या महाल भागात, चुलत्यांच्या अंगणात, दर दिवाळीला त्यांनी किल्लाच केला होता. हाताला दुसरं काही ठाऊक नव्हतं. डोंगर करायला गेले आणि माथा सपाट झाला, कडे झाले, बुरूज झाला, आणि भानावर आले तेव्हा ते काडीनं दरवाजा कोरत होते. सुहासिनीबाईंनी खिडकीतून बघून किल्ल्याचं मनापासून कौतुक केलं, मावळे कुठे आहेत म्हणून विचारलं, आणि चारला दाराशी जाऊन घंटा वाजवली.

मग डॉक्टरांनी किल्ला मोडला. बुरूज पाडताना जिवावर आलं, तरी पाडला. कुंपणाच्या मागच्या फाटकासमोर तीन गोल ढीग घातले, एक छातीएवढा, दोन कमरेएवढे, एक पुढे आणि एक मागून डोकावणारा. वर ड्राइव्हवेच्या कडेची करडी खडी पसरली. दोन दिवस कंबर धरून बसले.

तिसऱ्या दिवशी चार वाजता सुहासिनीबाईंनी कोट घातला, पर्स घेतली, आणि दाराकडे जाण्याऐवजी स्वयंपाकघरातल्या मागच्या खिडकीशी आल्या. डॉक्टर दारातून बघत होते.

"दिसतायत तिघी," त्या म्हणाल्या, खुर्ची ओढून घेतली आणि कोट न काढता तिथेच बसल्या.

घंटा अकरा दिवस वाजली नाही. डॉक्टरांनी रेणूला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पहिला नंबर आलेल्या पोरासारखा होता. रेणूला बरं वाटलं, पण तिनं विचारलंच की बाबा, आणि तू? झोप होतेय का तुझी? मी ठीक आहे, डॉक्टर म्हणाले. खरं तर ठीक काहीच नव्हतं. बाई दाराशी जात नव्हत्या एवढंच. अंघोळ घालणं होतं, भरवणं होतं, एकच प्रश्न चाळीसदा ऐकणं होतं. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते हल्ली बसत, गुडघ्यांसाठी म्हणून, आणि वर जायचं होतं की खाली यायचं होतं ते आठवेपर्यंत उठत नसत.

रेणू यायच्या आदल्या दिवशी त्यांना हुक्की आली. सगळं जमलंय, तर आणखी थोडं सजवावं. मराठी माणसाचं असंच आहे, आरास झाली की वर कापूस लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. जुन्या उशीतला कापूस काढून त्यांनी उंच ढिगाच्या माथ्यावर पिंजून पसरला. सासूबाईंनी पदर घेतला! हे बघून ती हसेल, कदाचित आपल्या नावानं नाही तरी 'अहो' म्हणून हाक मारेल, अशी वेडी आशा त्यांच्या पोटात होती. खोटं कशाला सांगा, माती वाहिली तीसुद्धा निम्मी त्या एका हाकेसाठी.

चार वाजता सुहासिनीबाई खिडकीशी आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या बसल्या नाहीत. खिडकीची कडा घट्ट धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी चहा दिला, तो निवून गेला. बिस्किटाला हात लावला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, काय झालं?

"पदर घेतलाय त्यांनी," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आता बोट नाही यायची."

"आज नाही तर उद्या जाल घरी."

खुळ्याकडे बघावं तसं त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "मी कुठे जातेय? मी धक्क्यावर जाते. हे पलीकडे आहेत ना, काका."

डॉक्टर खाली बसले. मग ती परकी, तेवीस वर्षांची बाई या पांढऱ्या मिशांच्या काकांना हळूहळू सगळं सांगत गेली. हे डॉक्टर आहेत. आठवड्यातून दोनदा पलीकडे जातात. माथे स्वच्छ असले की चारच्या बोटीनं येतात. झाकले की वारा असतो आणि बोट सुटत नाही. पहिल्या हिवाळ्यात एकदा दोन रात्री आले नाहीत. तिला इंग्रजी धड येत नव्हतं, फोनवरचं तर मुळीच कळत नव्हतं, आणि एक बोट बुडाल्याचं कुणीतरी दुकानात बोलत होतं ते यांच्या बोटीचं की दुसऱ्या कुठल्या बोटीचं, हे विचारायचं कसं, तिला समजेना. दोन्ही रात्री ती खिडकीत दिवा ठेवून उभी होती. कोट घालून.

"घरात कोट कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी निरोप घेऊन आलं तर लगेच निघता यावं म्हणून."

त्या दोन रात्री डॉक्टरांना पाठ होत्या. पलीकडे एका मेंढपाळाच्या घरी अडलेलं बाळंतपण, वादळ, मुलगा झाल्यावर त्या लोकांनी शेकोटीपाशी बसवून पाजलेली व्हिस्की, आणि आजोबांनी म्हटलेली गाणी. मंडळात हा किस्सा त्यांनी वीस वेळा तरी सांगितला असेल, आवाज काढून, गाण्यासकट. परत आल्यावर तिनं वरण-भात वाढला होता आणि त्यांनी जेवता जेवता तिलाही हाच किस्सा सांगितला होता. तिच्या दोन रात्री कशा गेल्या हे त्यांनी विचारलं नव्हतं. तेव्हा नाही, आणि पुढे पन्नास वर्षांत कधीच नाही.

"त्यांना सांगितलंत का हे?" त्यांनी विचारलं.

"छे. ते इतके दमून यायचे," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आल्यावर भात ऊन करून वाढायचा, एवढंच."

डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली, उघडी नागडी लाज. ज्या देखाव्याच्या बढाया त्यांनी जन्मभर मारल्या त्याच्याकडे तिनं देखावा म्हणून एक दिवसही पाहिलं नव्हतं. ती नवऱ्याची वाट बघत होती. अजूनही त्याचीच बघत होती, आणि तो तिच्या शेजारी बसून तिला बिस्किट भरवत होता. त्यांनी बाहेर जाऊन कापूस काढून टाकला. पण एकदा बसलेली भीती कापसाबरोबर थोडीच निघते? त्या रात्री सुहासिनीबाई जेवल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी रेणू आली. मागच्या अंगणातले तीन ढीग पाहून ती हसली, मग बापाचे हात उलटे करून त्यावरचे फोड बघत राहिली. आईशेजारी बसून तिनं तिचे केस विंचरले. फोनवर त्या जागेचे फोटो होते ते तिनं काढले नाहीत, डॉक्टरांनीही विचारलं नाही. दोघंही घड्याळाकडे बघत होते.

चारला पाच कमी असताना सुहासिनीबाई उठल्या. कोट. पर्स. खिडकीकडे त्या फिरकल्यासुद्धा नाहीत. काल बोट आली नव्हती, आज खिडकीशी बसून कसं चालेल? सरळ पुढच्या दाराशी गेल्या आणि दार ओढलं. घंटा वाजली.

रेणू धावली. आईला धरून ती म्हणत होती की आई, इट्स ओके, बाबा इथेच आहे, बघ ना, हा काय. सुहासिनीबाईंनी वळून डॉक्टरांकडे पाहिलं आणि समजुतीच्या स्वरात लेकीला म्हणाल्या, "अगं, हे काका आहेत." मग पुन्हा दाराशी झोंबू लागल्या. रेणूला रडू फुटलं.

डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. दीड वर्षाचा शीण अंगात एकदम उतरला होता. झालं, संपलं, हरलो, असंच त्यांना वाटलं. आणि त्या हरण्यातच त्यांना काय करायचं ते कळलं. इतके दिवस ते तिला सांगत होते की मी इथेच आहे. इथे असलेल्या माणसाची वाट कोण बघतं? तिला येणारा माणूस हवा होता.

"हिला मागच्या खिडकीशी ने," ते रेणूला म्हणाले. "म्हणावं, बोट दिसतेय."

जिन्याखालच्या कपाटातून त्यांनी कातडी बॅग काढली. निवृत्त झाल्यापासून तिच्यात लाइटबिलं होती. हिवाळी कोट घातला, टोपी चढवली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. घराला वळसा घालून मागच्या फाटकापर्यंत शंभर पावलं असतील, पण कुंपणाच्या कडेनं उतार होता आणि गुडघे बोलत होते. मध्ये एकदा खांबाला धरून ते थांबले. फाटक उघडून आत शिरले, उंच ढिगाआडून पुढे आले आणि त्यांनी बॅग डोक्याच्या वर धरली.

खिडकीतलं डोकं नाहीसं झालं. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि सुहासिनीबाई पायऱ्यांवर आल्या. वेगवेगळ्या बुटांत त्या भराभर तीन पायऱ्या उतरल्या.

"आलात?" त्या म्हणाल्या. "अहो, किती उशीर."

उन्हाळ्यापासून ऐकला नव्हता तो आवाज. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं, मोतीबिंदू राहिलेल्या डोळ्यापुढचं आणि काढलेल्या डोळ्यापुढचंही. "बोट उशिरा सुटली," ते कसेबसे म्हणाले. मग पन्नास वर्षांचं राहिलेलं वाक्य बोलले, "तू फार घाबरलीस ना?"

"घाबरले होते," सुहासिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातली बॅग घेतली, नेहमी घ्यायच्या तशी. कोटाच्या बाहीवरची माती झटकली. मग एकदम काही आठवून त्यांनी मागे घराकडे बघितलं, डॉक्टरांच्या जवळ सरकल्या आणि आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलल्या.

"हे बघा, आत एक काका आहेत. दिवसभर माझ्यापाशी बसून असतात. बिचारे फार दमलेत हो. बोलत नाहीत, पण मला दिसतं. आता तुम्ही आलात, तर त्यांना घरी जायला सांगा. त्यांचीही कुणी वाट बघत असेल."

रेणू दारात उभी होती, तिनंही ऐकलं होतं. बापाला तो दमलाय हे सांगून सांगून ती थकली होती, नीलांबरी थकली होती, त्यांचा स्वतःचा डॉक्टर थकला होता. ज्या बाईला त्यांचं नाव आठवत नव्हतं तिला ते दिसत होतं.

"सांगतो," ते म्हणाले. "आजच सांगतो."

"भात ऊन करते," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि बॅग घेऊन आत गेल्या. जाता जाता त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

डॉक्टर खालच्या पायरीवर बसले. रेणू येऊन शेजारी बसली. समोर तीन ढीग होते, पुढच्या ढिगावरची खडी घसरून खाली आली होती आणि आता ती पुन्हा वर चढवायची नव्हती.

"ते तुझ्या घराजवळचं जे आहे," डॉक्टर म्हणाले, "तिथे भेटायला कधी येऊ देतात?"

"एनी टाइम, बाबा. तुला हवं तेव्हा."

"हवं तेव्हा नको," डॉक्टर म्हणाले. "चार वाजता."